गिअरबॉक्सची ओळखपरेड

माणसाची ओळख पटवण्याचे सरकारमान्य मार्ग भरपूर आहेत. मी जिल्हा परिषदेत अधीक्षक होतो आणि उभी नोकरी मी त्यातच घालवली. मेलेल्याला मेल्याचा आणि जिवंत माणसाला तो जिवंत असल्याचा दाखला मी मिळवून दिलेला आहे. पण गाडीच्या पोटातल्या गिअरबॉक्सला 'बाबा रे, तू नक्की कोण?' असं विचारायची पाळी आली, तेव्हा माझ्या सगळ्या अनुभवानं हात टेकले.

गाडी आमच्या सौभाग्यवतींची. हे आधीच सांगून टाकतो, कारण हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीत ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथे मी कृष्णकांत वगैरे कोणी नसून 'मायाताईचे मिस्टर' आहे. मायाच्या डाव्या घोट्यात सळई आहे, त्यामुळे तिला क्लच दाबता येत नाही. म्हणून तिनं ही जुनी ऑटोमॅटिक गाडी हौसेनं शोधून घेतली. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं, आणि ते आपण काढलं होतं हेही बहुधा ती विसरली. दर रविवारी माया पारशिवनीला आईकडे जाते. सासूबाई मनकर्णाबाई तिथे एकट्या असतात आणि नागपुरात यायला ठाम नकार देतात. एसटीची पायरी मायाला चढवत नाही. मला गाडी चालवता येत नाही. माझ्याकडे लायसन्स आहे, पण तो विषय वेगळा.

तर एका रविवारी कोराडीच्या पुढे, कोळशाच्या ट्रकमागे असताना मायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिन नुसतंच ओरडलं. गाडी जागची हलेना. रिव्हर्स टाकला तर मागे मात्र आनंदानं गेली. शेवटी ती टेम्पोच्या मागे दोरानं बांधून घरी आली. माया गाडीत स्टिअरिंग धरून बसली होती आणि तिचं तोंड असं झालं होतं, की मी चहा विचारायची हिंमत केली नाही.

मेकॅनिक जितेंद्रचं गॅरेज आमच्याच रस्त्यावर आहे. त्यानं गाडी वर उचलून, खालून बॅटरीचा उजेड मारून पाहिलं.

"काकाजी, गिअरबॉक्स घसरून राहिला. आतल्या प्लेटा जळल्या असन. खोला लागते. नव्या प्लेटा, नवे सील, सगळं बसवून देतो."

"मग दे ना बाबा."

"देतो जी. पण किट दिल्लीवरून मागवा लागते. हा गिअरबॉक्स कोणता आहे?"

"ऑटोमॅटिक," मी आत्मविश्वासानं म्हणालो.

"ते तर दिसून राहिलं. पण कोणता?"

मग त्यानं मला समजावलं. त्या वर्षी कंपनीनं याच मॉडेलात दोन जातींचे गिअरबॉक्स बसवले होते. गोदामात जो हाताशी आला, तो बसवला. बाहेरून दोघे जुळे भाऊ, पण आतून एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही. आधी जात ओळखायची, मग किट मागवायचं, मग खोलायचं. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. ओळख पटवणं हा आपला प्रांत आहे, असं मी मायाला घरी येऊन सांगितलं.

"पटवा," ती म्हणाली. "पण लवकर पटवा. गाडीच्या नोंदणीची मुदत संपून राहिली. तपासणीच्या दिवशी आरटीओत गाडी स्वतःच्या पायानं जायले पायजे. नाही गेली तर झालं तिचं."

ही बातमी शेजारच्या देवरावांना कुणी सांगितली ते मला ठाऊक नाही, पण संध्याकाळी ते आमच्या फाटकात हजर होते. देवराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले. तिथल्या यंत्रांपुढे जगातलं बाकी सगळं यंत्र त्यांना खेळणं वाटतं.

"किती गिअर आहेत?" त्यांनी विचारलं.

मला ते कधी मोजायची वेळ आली नव्हती. देवराव गाडीत वाकले आणि दांड्याजवळची अक्षरं बोट ठेवून वाचू लागले. पी, आर, एन, डी, मग दोनचा आकडा, मग एल. "सहा," ते म्हणाले. "सहा गिअरचा माल आहे भाऊ. लेचापेचा नाही. सांगून द्या दिल्लीले."

मी जितेंद्रकडून नंबर घेऊन किट विकणाऱ्या दिल्लीच्या सेठला फोन केला आणि सहा गिअर असल्याचं सांगितलं.

"भाईसाब," तिकडून आवाज आला, "आपने पार्किंग भी गिन लिया क्या?"

मी फोन ठेवला. पार्किंग हा गिअर नसतो, हे मला कोणी आयुष्यात सांगितलेलं नाही. सेठनं मग जितेंद्रला कळवलं की गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो, तो तेवढा वाचून पाठवा. एवढं सोपं काम होतं. देवराव म्हणाले, मीही येतो. इथे मी 'नको' म्हणायला हवं होतं. पण शेजाऱ्याला 'नको' म्हणण्याची आपल्या कॉलनीत पद्धत नाही.

पट्टी सापडली. चिखल आणि तेल यांचा जाड थर तिच्यावर बसला होता. खाली आकडे असल्यासारखं वाटत होतं. जितेंद्र म्हणाला, "मी रॉकेल आणतो, हळूहळू पुसू," आणि आत गेला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी तो बोलत बसला. देवरावांना रिकामं बसवत नाही. त्यांनी खिशातून पॉलिशपेपर काढला. निवृत्त माणसाच्या खिशात पॉलिशपेपर का असावा, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

"हे पाहा, आमच्या कोराडीले असं घासत," म्हणत त्यांनी सुरुवात केली. चिखल गेला, तेल गेलं, गंज गेला. पट्टी चांदीच्या वाटीसारखी लखलखायला लागली.

"चकाचक," देवराव म्हणाले.

"नंबर?" मी विचारलं.

देवरावांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. मग त्यांनी माझा चष्मा मागितला. जितेंद्र रॉकेल घेऊन आला आणि त्या लखलखीत पट्टीकडे बघत तसाच उभा राहिला. मग आम्ही तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तशी. कागदावर एक खूण उमटली. ती तीन असू शकते, आठ असू शकते, आणि देवरावांच्या पॉलिशपेपरचा ओरखडाही असू शकते.

"नंबर कच्चा होता म्हणून गेला," देवराव म्हणाले. "आमच्या कोराडीचा नंबर असा जातच नाही."

मी खचलो नाही. गाडीची सगळी जन्मकुंडली सरकारकडे असते, हे मला माहीत होतं. मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये, सगळं रीतसर. सोबत जोडपत्रं, त्यांना लाल फीत. असा देखणा अर्ज आरटीओनं बऱ्याच वर्षांत पाहिला नसेल. खिडकीवर मेघा नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"काका, इंजिनचा नंबर आहे आमच्याकडे, चेसिसचा आहे. रंग आहे, सीट किती तेही आहे. गिअरबॉक्सची नोंद आम्ही ठेवतच नाही."

"का बरं?"

"कोणी मागतलीच नाही आजपर्यंत."

मी अर्जाला पोच मागितली. त्यांनी दिली. मग मी जाता जाता सहज विचारलं, की तपासणीच्या दिवशी गाडी टेम्पोला बांधून आणली तर चालेल का.

"आणा ना," त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या, "पण ओढून आणलेली गाडी चालते, असं मी कसं लिहू?"

मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि इतकं गोड बोललो नसतो.

इकडे रविवार येत होते आणि जात होते. माया आईशी फोनवर बोलायची. मी म्हणालो, चल, स्कूटरवर नेतो. नेलं एकदा. कामठीच्या अलीकडेच तिचा पाय सुजला आणि आम्ही परत फिरलो. त्यानंतर तिनं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

शेवटी सेठनं आणखी एक मार्ग सांगितला. गिअरबॉक्सच्या खाली तेल धरून ठेवणारं पत्र्याचं पसरट ताट असतं, त्याला पॅन म्हणतात. दोन्ही जातींच्या पॅनचा आकार वेगळा. फोटो नको, फोटोत तिरकं दिसतं आणि फसगत होते. कागदावर खऱ्या मापाचा आकार काढून कुरिअरनं पाठवा, मी माझ्याकडच्या मापांवर ठेवून बघतो.

जितेंद्रनं पॅन काढून पिशवीत घालून माझ्या हाती दिला. "शांतपणानं काढा काकाजी. घाई नोको." मी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पॅन ठेवला आणि पेन्सिल चालवायला गेलो. तेल कागदात पसरलं. ओल्या कागदावर पेन्सिल उठेना. दुसरा कागद घेतला, तोही भिजला. मग ओटा भिजला. मायानं बाहेरच्या खोलीतून फक्त "काय करून राहिले?" एवढं विचारलं आणि मी पॅन उचलून घराबाहेर पडलो.

समोर कौसल्याताई राहतात. कॉलनीतल्या समस्त महिलावर्गाचे ब्लाऊज त्या शिवतात. माप, कागद, कात्री या गोष्टींत त्यांचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. हे त्यांचंच मत आहे, पण खरं आहे. त्यांच्याकडे जायची कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

"आणा इकडं," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी काहून जीव टांगून घेतला?"

त्यांनी पॅन कापडानं पुसला, टेप लावला, खडूनं खुणा केल्या. खाकी कागद घेतला आणि सवयीनं त्याची मधोमध घडी घातली. मग एकाच बाजूचा आकार काढून त्यांनी दोन्ही पदर एकदम सरासर कापले.

"घडीवर कापलं का दोन्ही बाजू सारख्या येते," त्यांनी मला शिकवलं. "वेगळ्या कापल्या तर एक खांदा वर, एक खाली."

मला ते पटलं. त्यांनी घडी उघडली. डाव्या हाताला वरचा कोपरा तिरका छाटलेला, उजव्या हातालाही तसाच. काय सुबक आकार होता! बोल्टची भोकंसुद्धा समोरासमोर, एका ओळीत. मग माझं लक्ष पॅनकडे गेलं.

"ताई, याचा एकच कोपरा तिरका दिसतो."

कौसल्याताईंनी पॅन फिरवून पाहिला. "हो का जी? मग शिवणाऱ्यानं चुकवला असन. जुनी गाडी आहे, कुठं आपटलाही असन. आपण नीट करून दिला."

मला हेही पटलं. आता मागे वळून पाहताना वाटतं, की जिल्हा परिषदेत मी एका नावाच्या वेलांटीसाठी लोकांना परत पाठवत असे. त्या दिवशी मी आख्खा कोपरा मंजूर केला.

कागद दिल्लीला गेला. सेठ खूश झाला. दोन्ही कोपरे छाटलेला आकार म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या जातीचा गिअरबॉक्स, शंकाच नाही. ओळख पटली! मी घरात पेढे आणले. मायानं एक खाल्ला, आणि बऱ्याच दिवसांनी ती आईला फोनवर "येते वं" म्हणाली. ते ऐकून मी आणखी एक पेढा खाल्ला. जितेंद्रनं गिअरबॉक्स उतरवून खोलला आणि त्याचे सगळे भाग जेवणावळीसारखे ताटांमध्ये मांडून ठेवले.

किट आलं. आम्ही सगळे गॅरेजात जमलो. मी होतो, देवराव होते, आणि आपलं शिवणकाम बघायला कौसल्याताईही आल्या. जितेंद्रनं नवं गॅस्केट, म्हणजे पॅनच्या काठाखाली बसणारी पातळ गादी, पॅनवर ठेवलं. डावीकडे ते चपखल बसलं. उजवीकडे पॅनचा एक आख्खा कोपरा बाहेर राहिला. त्यानं आतल्या प्लेटा लावून पाहिल्या, त्या ताटातल्या प्लेटांपेक्षा चांगल्या बोटभर मोठ्या. जितेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी कौसल्याताईंकडे पाहिलं.

"मले काय माहीत का याचा एकच कोपरा कापलेला असते?" त्या उसळल्या. "ब्लाऊजले असं नसते!"

"डिझाइनच चुकीचं आहे," देवराव म्हणाले. "आमच्या कोराडीले..."

"देवराव," मी म्हणालो, "तुमच्या कोराडीला एकदा आग लागो." आयुष्यात मी शेजाऱ्याला इतकं लागट कधी बोललो नव्हतो. मला वाईट वाटलं, आणि तरी मी माफी मागितली नाही.

सेठनं किट परत घ्यायला नकार दिला. "भाईसाब, जो कागज आया, वही माल गया." त्याचंही चूक म्हणता येईना. कागद आमच्याच कॉलनीतून गेला होता.

त्या दुपारी मी घरी येऊन तो निर्णय घेतला, जो घरातला कर्ता पुरुष वैतागला की घेतो. "विकून टाकू," मी म्हणालो. "भंगारवाला बोलावतो. किती दिवस हा तमाशा? तुला कुठं जायचं असलं तर मला सांगत जा. मी रिक्षा बोलावीन, सोबत येईन. त्यात काय एवढं?"

माया भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मी पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पायात सळई घातली तेव्हाही ती रडली नव्हती.

"एका जुन्या गाडीपायी रडतेस?" मी घाबरून विचारलं.

"गाडीपायी नाही रडून राहिली मी," ती म्हणाली. "पाय मोडला तवापासून कुठंही जायचं तर तुमाले विचारा लागे. तुमचा मूड, तुमची सवड, तुमची बीपीची गोळी. ती गाडी आली न् मी तुमाले विचारणं सोडलं. आता तुम्ही म्हणता, पुन्हा विचारत जा."

मी वाईट नवरा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि आजही पूर्णपणे वाटत नाही. पण तिनं विचारल्यावर मी कधी नाही म्हटलं नव्हतं, एवढ्यावर मी स्वतःला चांगलं समजत होतो. तिला विचारावं लागणं हेच मुळात दुखणं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो आणि मेथीची जुडी हातात घेतली. काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकू लागलो, तेव्हा तिनं ती काढून घेतली.

"चला," ती डोळे पुसून उठली. "स्कूटर काढा. मले गॅरेजात न्या."

गॅरेजात गेल्यावर तिनं जितेंद्रकडून पॅन मागून घेतला. ओल्या कागदावर पेन्सिल चालत नाही म्हणून आम्ही एवढी रामायणं केली होती. तिनं पेन्सिल मागितलीच नाही. पॅनच्या काठाला तिनं बोटानं काळं जुनं तेल फासलं, जमिनीवर कागद पसरला, त्यावर पॅन पालथा घातला आणि चांगला पाय त्याच्यावर देऊन उभी राहिली. मी तिला धरायला पुढे झालो. तिनं माझा हात बाजूला केला आणि जितेंद्रच्या कपाटाला धरलं. मग पॅन उचलला. कागदावर काठ उमटला होता, एकेक भोक उमटलं होतं, आणि छाटलेला कोपरा एकच होता.

"बाळाच्या पावलाचा ठसा घेतो ना आपण, तसाच," ती म्हणाली. "त्याची कोणी घडी घालते काय?"

जितेंद्रनं ठशावर 'खालून पाहिलेला' असं लिहिलं, म्हणजे कोणी डावं-उजवं करू नये. कागद वाळवला आणि त्याच दिवशी धाडला. दिल्लीहून उत्तर आलं, की दुसरी जात. शंकाच नाही, असं सेठ याही वेळी म्हणाला. त्यामुळे नवीन किट येऊन गॅस्केट पॅनवर चारही बाजूंनी बसेपर्यंत मी पेढ्यांच्या दुकानावरून मान फिरवून जात होतो.

गॅस्केट बसलं. प्लेटा बसल्या. जितेंद्रनं गिअरबॉक्स जोडला, तेल भरलं आणि मायाला म्हणाला, "काकू, बसा." मायानं दांडा डी वर ओढला. गाडी गुपचूप पुढे गेली. जितेंद्र टाळ्या वाजवत होता. कौसल्याताई पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि एक कोपरा कसा असतो ते मला आता पाठ झालं, असं कोणी विचारलं नसताना सांगत होत्या. आरटीओच्या तारखेलाही गाडी स्वतःच्या चाकांनी गेली आणि स्वतःच्या चाकांनी परत आली.

मग रविवार आला. इतक्या दिवसांच्या धावपळीनंतर पारशिवनीला आपणही जावं, सासूबाईंपुढे हा सगळा पराक्रम यथासांग सांगावा, असं माझ्या मनात होतं. इस्त्रीचा सदरा खुंटीला लावला होता. सकाळी मी आरशापुढे दाढीला साबण लावून उभा होतो, तेव्हा बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मी तसाच, अर्ध्या चेहऱ्याला फेस, हातात ब्रश, फाटकापर्यंत धावलो. गाडी वळणावर पोचली होती. तिथे वेग जरा कमी झाला, मग गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

देवराव त्यांच्या फाटकात उभे होते. भांडणानंतर आमचं बोलणं अजून नीटसं सुरू झालं नव्हतं, पण माझा अवतार बघून त्यांना राहवलं नाही.

"काहून भाऊ, ताई एकट्याच निघाल्या काय? तुमाले विचारलंसुद्धा नाही?"

"नाही," मी फेस पुसत म्हणालो. "अजिबात विचारलं नाही."

आणि मी इतका खूश का दिसतोय, ते त्यांना काही केल्या कळेना.